‘हात बसणं’ म्हणजे नेमकं काय? पीटीच्या तासाला शटल का हुकतं त्याची गोष्ट

भाचीच्या प्रगतीपुस्तकात शारीरिक शिक्षणाच्या रकान्यात या वेळी एक ओळ आली, ‘नेत्र-हस्त समन्वय : सुधारणेस वाव’. ताईने लगेच फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं का गं हिला? तिला वाटलं मुलीत काहीतरी दोष निघाला. भाची पाचवीत आहे, या टर्मला त्यांना पीटीत बॅडमिंटन होतं, आणि तिची स्वतःची तक्रार भलतीच होती. म्हणाली, मावशी, मी बॅट फिरवते तेव्हा शटल तिथेच असतं, मला दिसतं पण, तरी लागतच नाही.

मी हौशी खेळाडू, पण वीसेक वर्षं खेळतेय, आणि तिचं हे वाक्य ऐकून मला हसूच आलं कारण दुखणं तिने स्वतःच बरोबर सांगितलं होतं. शटल तिथे दिसतं तेव्हा ती बॅट फिरवते, म्हणूनच ते लागत नाही. हे जरा उलगडून सांगते.

डोळा, हात आणि मधला उशीर

नेत्र-हस्त समन्वय हा शब्द जड आहे, अर्थ साधा आहे. डोळ्यांनी जे दिसलं त्याच्या आधारावर हात योग्य जागी आणि योग्य वेळी नेता येणं. सुईत दोरा ओवताना फक्त जागा सांभाळायची असते, सुई पळून जात नाही, हवा तेवढा वेळ घ्या. फेकलेली वस्तू झेलताना किंवा शटल मारताना जागा आणि वेळ दोन्ही एकदम जुळावे लागतात आणि गडबड होते ती बहुतेक वेळा वेळेची.

आता हा उशीर बघा. काहीतरी दिसलं की ते मेंदूपर्यंत जायचं, तिथे त्याचा अर्थ लागायचा, मग स्नायूंना हुकूम सुटायचा, या सगळ्याला मोठ्या माणसालाही साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात, लहान मुलांना त्याहून जास्त. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण उंच उडालेलं शटल खाली येताना सेकंदाला ६ ते ७ मीटरच्या वेगाने येतं. म्हणजे ०.२ सेकंदात ते साधारण सव्वा मीटर खाली आलेलं असतं, जवळजवळ पाचवीतल्या मुलीच्या उंचीएवढं! तिला शटल डोक्याच्या वर ‘दिसलं’, तिने ‘आता मारू’ ठरवलं आणि हात हलायला सुरुवात झाली तोवर ते गुडघ्याशी पोचलेलं असतं. बॅट फिरायला लागणारा वेळ तर अजून धरलाच नाही.

मग ज्यांना जमतं त्यांचे डोळे किंवा हात जास्त वेगवान असतात का? थोडेफार असतीलही, पण खरी गंमत अंदाजात आहे. शटल आत्ता कुठे आहे याच्याशी मेंदूला फारसं देणंघेणं नसतं, अजून पाव सेकंदाने ते कुठे असेल तिथे तो हात पाठवतो. आपण रस्ता ओलांडताना हेच करतो, येणारी गाडी कुठे आहे त्यापेक्षा आपण मधे जाऊ तोवर ती कुठे असेल ते बघतो, आणि कोणी शिकवलेलं नसतं तरी बघतो. किंवा अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून आपण पाय टाकतो आणि तो धप्पकन सपाट जमिनीवर आपटतो, तेव्हा दचकायला का होतं? कारण मेंदूने पाय टेकायची वेळ आधीच ठरवून ठेवली होती आणि ती चुकली. असा अंदाज बांधायचा, प्रत्यक्षात काय झालं त्याच्याशी ताडून बघायचा आणि पुढच्या वेळी थोडा सुधारायचा, या कामात डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. आपण ज्याला ‘हात बसला’ म्हणतो तो बराचसा हा अंदाज बसलेला असतो.

त्यात शटल बॉलसारखं वागत नाही

मुलांनी तोवर आयुष्यभर बॉल झेललेला असतो. बॉल साधारण जसा वर जातो तसाच खाली येतो, त्याची कमान दोन्हीकडून सारखी. शटल म्हणजे १६ पिसं आणि एक बूच, वजन नियमाप्रमाणे ४.७४ ते ५.५० ग्रॅम, एवढ्या हलक्या आणि फुललेल्या वस्तूला हवा जोरात मागे ओढते. म्हणून ते निघताना सुसाट निघतं आणि मग अचानक कोणीतरी ब्रेक दाबावा तसं मंद होऊन जवळजवळ सरळ खाली पडतं. २०२३ मध्ये भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा, म्हणजे वरून खाली जोरात हाणलेल्या फटक्याचा, वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला, (सामन्यात नाही, खास मोजणीसाठी मारलेला) पण तो वेग रॅकेटवरून सुटतानाचा. समोरच्यापर्यंत पोचेपर्यंत त्यातला बराचसा हवेनेच खाल्लेला असतो.

म्हणून होतं काय की झेल उत्तम घेणारा मुलगा बॅडमिंटनमध्ये पहिल्या दिवशी सपशेल गंडतो. त्याचा मेंदू बॉलची कमान धरून चालतो, शटल डोक्यावरून मागे जाईल म्हणून तो मागे सरकतो आणि ते त्याच्या पुढ्यात टपकन पडतं. त्याला वाटतं आपल्याला येत नाही. खरं तर त्याचा अंदाज दुसऱ्या वस्तूसाठी तयार झालेला आहे, या वस्तूसाठी नवीन बसवावा लागेल आणि त्याला शंभर-दोनशे शटल बघण्याशिवाय उपाय नाही. शाळेत बहुतेक वेळा नायलॉनची शटल असतात, ती पिसांच्या शटलपेक्षा जरा वेगळी उडतात पण शिकायला चालतात, टिकतात. आणि उघड्या मैदानावर वारा असेल तर मात्र त्या दिवशीचा निकाल मनावर घेऊ नये, पाच ग्रॅमच्या वस्तूला वाऱ्यात मोठे खेळाडूही हुकतात.

हात अर्ध्या मीटरने लांब झाला की

डोळे मिटून बोट नाकाला लावून बघा. लागतं. आपला हात कुठे आहे हे मेंदूला न बघता कळतं, स्नायू आणि सांध्यांकडून सतत खबर येत असते. पण हातात रॅकेट आली की (नियमाने जास्तीत जास्त लांबी ६८ सेंटीमीटर) शटलला भिडायची जागा तळव्यापासून जवळपास अर्धा मीटर लांब जाते आणि ती खबर तिथपर्यंत पोचलेली नसते. नवीन गाडी घेतल्यावर पहिले काही दिवस पार्किंग करताना पुढचा कोपरा नेमका कुठे संपतो ते कळत नाही ना, तसंच. महिन्याभराने गाडी तीच, पण तुम्हाला तिचे कोपरे अंगाला असल्यासारखे कळायला लागतात.

म्हणून लहान मुलांना सरळ पूर्ण रॅकेट आणि पूर्ण वेगाचं शटल देणं मला चुकीचंच वाटतं. आधी नुसत्या तळव्याने फुगा उडवायचा. फुग्याला बालिश समजू नका, तो हळू पडतो म्हणजे अंदाज बांधायला वेळ मिळतो, हुकला तरी परत मारता येतो. मग तोच फुगा रॅकेटने. मग शटल, पण रॅकेट मुठीजवळ न धरता वर, जाळीच्या अगदी खाली दांड्याला धरायची, म्हणजे भिडायची जागा हाताच्या जवळ राहते. जमायला लागलं की पकड बोटभर बोटभर खाली सरकवत न्यायची. भाचीसोबत मी हेच केलं, पहिला आठवडाभर तिने रॅकेट जवळजवळ जाळीलाच धरली होती आणि आजूबाजूची मोठी मुलं हसत होती.

पकडीवरून सर लोक फार ओरडतात. बहुतेक मुलं माशी मारायचं रॅकेट धरावं तशी धरतात, जाळी समोर, तळवा मागे. चांगली पकड हस्तांदोलन केल्यासारखी असते, रॅकेटची कड जमिनीकडे, आणि जोर येतो तो कुलपात किल्ली फिरवावी तसा कोपरापासून पुढचा हात फिरवल्याने. पण मुलं माशीवाली पकड का निवडतात? कारण त्यात जाळी तळव्याच्या रेषेत येते आणि नेम सोपा होतो. म्हणजे मूल आपल्या परीने समन्वयाचाच प्रश्न सोडवत असतं. पकड नंतर बदलायला त्रास होतो हे खरं, त्यामुळे दाखवावी लवकर, पण पहिल्याच दिवशी त्यावरून रडवू नये एवढंच माझं म्हणणं.

‘शटलकडे बघ’ हा सल्ला अर्धाच

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. चूक नाही, पण मूल बघतच असतं, प्रश्न आहे कधीपासून बघतं. हात लांब करून अंगठा समोर धरा, त्या अंगठ्याच्या रुंदीएवढाच भाग आपल्याला एका वेळी एकदम स्पष्ट दिसतो, बाकी सगळं थोडं धूसर. त्यामुळे डोळा कुठे आणि किती लवकर टेकवला याला किंमत आहे.

१९८७ साली अ‍ॅबरनेथी आणि रसेल या संशोधकांनी बॅडमिंटनच्या फटक्यांची फिल्म लोकांना दाखवून, मधेच थांबवून किंवा खेळाडूचा एखादा भाग झाकून, शटल कुठे पडेल ते विचारलं. नवख्या लोकांना समोरच्याच्या रॅकेटवरून काय तो अंदाज येत होता, मुरलेल्या खेळाडूंना रॅकेट धरलेल्या हातावरूनसुद्धा येत होता. हात रॅकेटच्या आधी हलतो, म्हणजे त्यांना बातमी आधी मिळते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय रिफ्लेक्स आहेत! रिफ्लेक्स बेताचेच असतील कदाचित, बातमी लवकर पोचली.

हे पाचवीच्या मुलांना शिकवायला काही लागत नाही. दोघं खेळत असताना तिसऱ्याने फक्त ओरडायचं, ‘लांब’ किंवा ‘जवळ’, पण शटल नेट ओलांडायच्या आत. पहिली दहा मिनिटं सगळी चुकीची ओरडतात, धमाल येते, आणि मग हळूहळू नजर आपोआप समोरच्याच्या हातावर जायला लागते. रांगेत उभं राहून कंटाळणाऱ्या मुलांनाही काम मिळतं.

आणखी एक, मारताना मुलाला त्याच्या शरीराबद्दल सूचना कमी द्याव्यात. कोपर वर, मनगट सैल, गुडघा वाक, असं सगळं एकदम सांगितलं की ते मूल शटल सोडून स्वतःचं कोपर सांभाळत बसतं. त्यापेक्षा ‘त्या कोपऱ्यात टाक’ म्हणा. लक्ष अवयवावर असण्यापेक्षा परिणामावर असलं की हालचाल चांगली होते असं गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेच्या बऱ्याच प्रयोगांत दिसलंय, आणि आपला अनुभवही तोच असतो, जिना उतरताना पायाचा विचार करायला लागलं की पाय अडखळतो.

सातचा पाढा ओळीने येतो, मधलाच विचारला की अडतं

हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण इथे डोळ्यांना दिसणारं आणि खरं होणारं उलटं असतं.

समजा सर्व्हिस शिकवायचीय. छोटी, लांब आणि सपाट वेगाची अशा तीन प्रकारच्या. सरळ पद्धत म्हणजे आज पन्नास छोट्या, उद्या पन्नास लांब. दुसरी पद्धत, तिन्ही मिसळून, एक छोटी, एक सपाट, दोन लांब, परत छोटी, काही क्रमच नाही. १९८६ मध्ये गुड आणि मॅगिल यांनी नवशिक्यांवर नेमका हाच प्रयोग केला, बॅडमिंटनच्याच तीन सर्व्हिस घेऊन. सराव संपल्यावर परत चाचणी घेतली आणि वेगळ्या बाजूने सर्व्हिस करायला लावली, तेव्हा मिसळून सराव केलेले पुढे निघाले. या प्रकारच्या इतर प्रयोगांत सहसा असंही दिसतं की सरावाच्या वेळी मात्र एकच-एक घोटणारे जास्त छान दिसतात.

पाढ्याचंच बघा ना. सात एके सात पासून ओळीने म्हणायला लावा, पोरं गाडी सोडतात. मधेच ‘सात आठे?’ विचारलं की पुन्हा मनातल्या मनात सात एके सात पासून सुरुवात. ओळीने म्हणताना प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तराच्या आधाराने येतं, नव्याने शोधावं लागत नाही. तसंच विसावी छोटी सर्व्हिस एकोणिसावीची नक्कल असते. मिसळलं की दरवेळी मेंदूला नव्याने ठरवावं लागतं, किती जोर, किती उंच, आणि खेळात तेच तर लागतं.

पण यालाही मर्यादा आहे. लहान मुलांवरच्या अशा प्रयोगांत निकाल मिश्र आलेत, आणि ज्याला अजून शटल लागतच नाही त्याला तीन प्रकार मिसळून दिले तर तो वैतागून घरी जाईल. आधी एक फटका दहातून पाच-सहा वेळा लागू द्यावा, मग मिसळायला घ्यावं. आणि सरांनी त्या तासाला मुलं जास्त चुकतायत म्हणून घाबरू नये, पालकांनी तर त्याहून नाही.

रांगेचा हिशोब

वर्ग ४० मुलांचा, तास ३५ मिनिटांचा. हजेरी, पळणं, व्यायाम धरून खेळायला उरली २० मिनिटं. सर एकेकाला शटल टाकतात, दर पाच सेकंदाला एक. म्हणजे २४० शटल, भागिले ४०. प्रत्येकाला सहा! सहा शटलांत कोणाचा अंदाज बसणार आहे? आणि या सहांवरून प्रगतीपुस्तकात ओळ लिहिली जाते. भाचीच्या वर्गात एका तासाला मी जाऊन बसले होते, तिच्या वाट्याला चार आली, त्यातलं एक तिच्या पुढच्या मुलाने हाणलं.

सरांना मी दोष देत नाही, एकटा माणूस आणि दोन नेट, करणार काय. पण नेटशिवायही खूप होतं. मुलं जोडीने समोरासमोर, एकाने हाताने टाकायचं आणि दुसऱ्याने मारायचं, मग अदलाबदल. दर सहा सेकंदाला एक धरलं तरी १० मिनिटांत १०० शटल उडतात, जोडीत ५०-५०. रॅकेट कमी असतील तर निम्म्या वर्गाला भिंतीवर बॉल टाकून दुसऱ्या हाताने झेलायला लावा. बॅडमिंटनच्या जागतिक संघटनेचा शाळांसाठी ‘शटल टाइम’ नावाचा कार्यक्रम आहे, ५ ते १५ वयाच्या मुलांसाठी २२ तयार धडे, शिक्षक स्वतः बॅडमिंटनपटू नसला तरी घेता येतील असे. ज्यांच्या शाळेत हा विषय नव्याने आलाय त्यांनी बघायला हरकत नाही.

पण हे जन्मजातच असतं ना?

फरक असतो, नाही म्हणत नाही, एकाच घरातल्या दोन मुलांतही असतो. पण ‘समन्वय’ नावाची एकच टाकी असते आणि कोणाची भरलेली, कोणाची रिकामी असं काही नसतं. एका कौशल्यात चांगला माणूस दुसऱ्यात चांगला असेलच असं नाही हे फ्रँकलिन हेन्री या संशोधकाने गेल्या शतकाच्या मध्यालाच मांडलं होतं. सुरेख रांगोळी काढणारी मुलगी शटल हुकवते आणि शटल न हुकवणाऱ्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं असतं, दोघांचे डोळे-हात चांगलेच आहेत, वेगवेगळ्या कामांवर बसलेत.

म्हणूनच बॅडमिंटन खेळल्याने अक्षर सुधारेल असं कोणी सांगत असेल तर मी फार आशा ठेवणार नाही. मोबाईल गेमचंही तेच, त्याने त्या गेममधला हात सुधारतो, स्क्रीन सपाट असते, तिथे ना खोली कळायला लागते ना पाय हलवावे लागतात. आणि शटलला पाय फार लागतात, उशिरा पोचलेल्या पायांचा दोष नेहमी हातावर येतो.

मग डोळे तपासायचेच नाहीत का?

तपासा की. ताईला मी हेच सांगितलं, ने, पण प्रगतीपुस्तकामुळे नको, तसंही वर्षातून एकदा न्यायला हवं. मुलांना अंधूक दिसत असेल तर ती सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. दोन्ही डोळे नीट एकत्र काम करत नसतील तर वस्तू किती लांब आहे ते कळायला अवघड जातं आणि शटल हुकतं. तेवढ्यासाठी तपासणी हवीच.

आणि काही मुलांना खरोखर जास्त अडचण असते. शटलच नाही, शर्टाची बटणं, बुटाची लेस, कात्रीने कापणं, लिहिणं, सगळीकडेच सारख्या वयाच्या मुलांपेक्षा बरंच मागे. याला हालचालींच्या समन्वयातला विकासात्मक दोष म्हणतात, शाळकरी मुलांपैकी साधारण ५ ते ६ टक्क्यांत आढळतो, बुद्धीशी त्याचा संबंध नाही आणि आळशीपणाशी तर नाहीच. तसं वाटलं तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावं, ऑक्युपेशनल थेरपीने फायदा होतो. नुसतं शटल हुकणं मात्र यात बसत नाही.

भाचीचे डोळे ठीक निघाले. आम्ही दीड महिना, आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं खेळलो, त्यात निम्मा वेळ फुगा आणि आखूड पकड. मधे एक टप्पा आला तेव्हा शटल लागायचं पण फ्रेमला, ठक्क असा बोथट आवाज यायचा, आणि तिने तो आवाज मोजायला सुरुवात केली, आज अकरा ठक्क, आज सात. जाळीच्या मधोमध लागलं की टण्ण असा वेगळाच आवाज येतो, त्यासाठी ती मागे वळून माझ्याकडे बघायची, ऐकलंस का म्हणून. परवा सलग चौदा वेळा टण्ण झालं. मी विचारलं, काय बदललं गं नेमकं? जरा विचार करून म्हणाली, काही नाही, आता मी शटल तिथे नसतानाच फिरवते, मग ते येऊन लागतं.